उष्माघाताचा तालुका आराखडा: मृत्यू नोंदवहीपासून टिनाच्या सपरीपर्यंत

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे तेथील अभ्यासकांनी त्या महिन्यातील मृत्यूंची इतर वर्षांच्या त्याच दिवसांशी तुलना केली, तेव्हा १,३४४ मृत्यू नेहमीपेक्षा जास्त निघाले. ही तुलना सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंची होती, कारण दाखल्यावर ‘उष्माघात’ हा शब्द क्वचितच येतो. तेथे हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा नुसतेच वृद्धापकाळ लिहिलेले असते. या हिशेबातून २०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेचा उष्मा कृती आराखडा तयार झाला आणि पुढे नागपूरसह इतर शहरांनी त्याच वाटेने आपापले आराखडे केले. अहमदाबादने ठरवलेल्या पायऱ्या अशा होत्या: ४१.१ अंशांपासून पिवळा इशारा, ४३.१ पासून नारिंगी आणि ४५ पासून लाल.

विदर्भातील एखाद्या तालुक्याने हेच आकडे उचलून आपल्या फलकावर लावले, तर मे महिन्यातील बहुतेक दिवस नारिंगी निघतील आणि आठवडाभरात त्या रंगाकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. शहराकडून पद्धत घ्यावी, आकडे आपले आपण काढावेत. ते कसे काढायचे आणि काढल्यावर त्यांचे काय करायचे, हे येथे क्रमाने सांगत आहे. मी चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तरेकडील, धानाच्या आणि तेंदूपत्त्याच्या पट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि गेले काही उन्हाळे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सोबतीने हे काम करत आलो आहे. डेटा सायन्स या शब्दाने दबून जाण्याचे कारण नाही. या कामाचा मोठा भाग एक साधा संगणक, एक स्प्रेडशीट आणि धूळ झटकून उघडाव्या लागणाऱ्या नोंदवह्या एवढ्यावर होतो, आणि त्यातही नोंदवह्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

नोंदवह्या गोळा करणे

हे काम जानेवारीत सुरू करावे, कारण मार्चमध्ये कोणालाच सवड नसते. गटविकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात नावे नकोत, फक्त मृत्यूची तारीख, वय, लिंग आणि गाव एवढेच हवे, हे स्पष्ट लिहावे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे. तो नसता तरी गावात कोणाचा बाप कशाने गेला हे आपल्या संगणकात नावानिशी ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मुख्य आधार ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीचा. किमान आठ ते दहा वर्षांच्या नोंदी मिळवाव्यात. येथे पहिली चूक होते, आणि ती मी स्वतः केली आहे. पहिल्या वर्षी मी घाईने नोंदणीची तारीख हीच मृत्यूची तारीख धरली आणि आलेख काढला. एका मोठ्या गावात मंगळवारी इतर दिवसांपेक्षा बरेच जास्त मृत्यू दिसू लागले. दोन दिवस मी त्यामागचे कारण शोधत होतो. शेवटी ग्रामपंचायतीच्या शिपायाने विचारले, ‘सर, मंगळवारी आपल्या इथं बाजार असते ना?’ मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, आणि आसपासच्या टोल्यांवरचे, म्हणजे लहान वस्त्यांवरचे, लोक ती बाजाराला येतील तेव्हा करून जातात. उन्हाचा परिणाम एक ते तीन दिवसांत दिसतो, त्यामुळे तारीख आठवडाभर सरकली की सगळा हिशेब वाया जातो. म्हणून दोन्ही तारखांचे वेगळे रकाने करावेत आणि ज्या नोंदीत मृत्यूची तारीख संशयास्पद आहे ती वगळावी.

दुसरी अडचण जागेची आहे. मृत्यू जेथे होतो तेथेच नोंदला जातो. तालुक्यातील अत्यवस्थ रुग्ण चंद्रपूर, गडचिरोली किंवा नागपूरच्या रुग्णालयात हलवला जातो, आणि तेथे तो दगावला तर आपल्या नोंदवहीत त्याचा पत्ताच नसतो. उन्हाने गंभीर झालेला माणूस नेमका हाच असतो. यावर उपाय म्हणजे आशाताईंची गावनिहाय मृत्यूंची यादी, कारण तीत माणूस कुठे मेला यापेक्षा तो कुठला होता हे पाहिले जाते. दोन्ही याद्या जुळवून पाहाव्यात. जुळवणीचे हे काम आरोग्य केंद्रातच बसून करावे आणि नावे तेथेच सोडून यावे.

तिसरी गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. कोविडची दुसरी लाट २०२१ च्या एप्रिल-मे मध्येच होती. ते दोन महिने हिशेबात ठेवले तर ऐन उन्हाळ्यात मृत्यूंचा डोंगर उभा राहतो आणि त्याचे खापर उन्हावर फुटते. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे मी सरळ बाजूला ठेवतो.

मृत्यूंच्या जोडीला आणखी तीन नोंदी उपयोगी पडतात: प्राथमिक आरोग्य केंद्राचे ओपीडी रजिस्टर, १०८ रुग्णवाहिकेला आलेल्या कॉलच्या तारखा आणि औषध भांडाराची साठा नोंदवही. शेवटची फारशी कोणी मागत नाही, पण ओआरएसची पाकिटे आणि सलाईनच्या बाटल्या कोणत्या आठवड्यात झपाट्याने संपल्या हे तीत दिसते, आणि डॉक्टरांनी निदानाच्या रकान्यात काहीही लिहिले असले तरी बाटली संपलेली असतेच. अलीकडे आरोग्य केंद्रांतून उष्णतेच्या रुग्णांची माहिती उन्हाळ्यात रोज केंद्र सरकारच्या पोर्टलवर भरली जाते. ती घ्यावी, मात्र तीत शून्य दिसले म्हणजे रुग्ण नव्हतेच असे समजू नये. पुष्कळदा तो दिवस भरायचा राहिलेला असतो, किंवा घाम, मळमळ आणि चक्कर असलेल्या माणसाची नोंद ‘अशक्तपणा’ अशी झालेली असते.

आता आकारमानाचा प्रश्न. वर्षाला हजारी सहा मृत्यू धरले, तर दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला बारा, म्हणजे महिन्याला एक मृत्यू होतो. एवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, आणि ‘अमुक गावात उष्माघात दुप्पट झाला’ असे वाक्य कोणी लिहिले तर ते एकाचे दोन झाले एवढेच असते. तीस हजारांच्या आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात महिन्याला पंधरा मृत्यू होतात, तेही अपुरेच. दीड लाखाच्या तालुक्यात दिवसाला साधारण अडीच मृत्यू पडतात, आणि दहा वर्षांचे मिळून त्यांतून काही सांगता येते. म्हणून धोक्याचे तापमान तालुक्याला एकच काढावे. गावागावांतला फरक पुढे याद्या करताना विचारात घ्यावा.

तापमान कोणते धरावे

भारतीय हवामान विभागाच्या वेधशाळा विदर्भात जिल्ह्याच्या ठिकाणी आणि ब्रह्मपुरीसारख्या मोजक्या गावांत आहेत. जवळच्या वेधशाळेची दैनिक कमाल आणि किमान तापमाने हा पाया धरावा. त्याशिवाय राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पातील स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय बसवलेली आहेत, त्यामुळे आपल्या तालुक्यातही ती सापडतात. जुन्या वर्षांच्या नोंदीत खाडे असतील तर युरोपीय हवामान केंद्राची ईआरए-५ लँड ही प्रति तास आकडे देणारी, सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकटींची मालिका मोफत मिळते. नासाच्या पॉवर या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश टाकले की १९८१ पासूनचे दैनिक आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवता येतात. मात्र ही दोन्ही अनुमाने आहेत. वेधशाळेच्या आकड्यांशी पडताळून त्यांच्यातील सरासरी फरक आधी काढावा आणि तेवढी दुरुस्ती करूनच ती वापरावीत. मोबाइलवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमध्ये जो आकडा दिसतो तो आपल्या गावात कोणी मोजलेला नसतो.

स्वयंचलित केंद्राचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, दुसऱ्याने ५४, आणि बातमी देशभर पसरली. नंतर हवामान विभागाने हे सेन्सरमधील बिघाडामुळे झाल्याचे स्पष्ट केले. असा एक आकडा आपल्या फाइलमध्ये शिरला तर सर्व सरासऱ्या बिघडतात. मी तीन साध्या चाचण्या लावतो. शेजारच्या मंडळाच्या आकड्यापेक्षा चार अंशांहून अधिक फरक असेल तर त्या ओळीला लाल रंग द्यायचा. सलग तीन दिवस दशांशापर्यंत तोच आकडा आला असेल तर यंत्र अडकले असे समजायचे. आणि किमान तापमान कमालपेक्षा जास्त असेल तर रकाने उलटे भरले गेले आहेत हे ओळखायचे. शेवटचा प्रकार वाटतो त्यापेक्षा पुष्कळ आढळतो.

उपग्रहाच्या नकाशांविषयी थोडक्यात. लँडसॅटच्या चित्रांतून जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान काढता येते आणि शहरांच्या आराखड्यांत त्याचे लाल-पिवळे नकाशे मानाने छापले जातात. आपल्याकडे मे महिन्यात धानाच्या उघड्या, भेगाळलेल्या बांध्या गावापेक्षा लाल दिसतात, कारण तो उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो आणि उघडी जमीन तोवर तापलेली असते. ते चित्र खोटे नाही, पण त्यावरून गाव थंड आहे असे समजणे चूक ठरेल. गावातली उष्णता घराच्या आत असते आणि ती उपग्रहाला दिसत नाही.

ती मोजायची असेल तर तापमान व आर्द्रता साठवून ठेवणारी छोटी यंत्रे विकत मिळतात. आम्ही एकाच ओळीतील तीन घरांत ती टांगली: एक कौलारू, एक टिनाचे, एक स्लॅबचे. जमिनीपासून माणूस खाटेवर निजतो तेवढी उंची, चूल आणि भिंत दोन्हींपासून अंतर, आणि कूलरच्या झोताबाहेरची जागा, एवढे पाळले. टिनाचे घर दुपारी बाहेरच्या हवेपेक्षाही तापलेले असे, पण सूर्य मावळल्यावर झपाट्याने उतरे. स्लॅबचे घर दुपारी सुसह्य, मात्र दिवसभर प्यालेली उष्णता ते रात्री उशिरापर्यंत सोडत राही, आणि आत निजणाऱ्याच्या शरीराला निवायला वेळच मिळत नसे. कौलाचे घर दोन्ही वेळा बरे होते. घरकुलाच्या स्लॅबसाठी त्या घरमालकाने दोन वर्षे हेलपाटे घातले होते. ‘तुमचं जुनं घर बरं होतं’ हे त्याला सांगण्याची वेळ माझ्यावर आली नाही, कारण तो स्वतःच अंगणात निजत होता.

दमटपणाचा हिशेब

विदर्भाचा एप्रिल-मे कोरडा असतो आणि जूनचा पहिला पंधरवडा दमट. पारा उतरला म्हणजे धोका टळला, ही समजूत या पंधरवड्यात घातक ठरते. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते आणि हवेत ओल वाढली की घाम वाळत नाही. हे मोजण्यासाठी ओल्या फडक्याचे तापमान, म्हणजे आर्द्र गोलक तापमान, काढावे. कमाल तापमान आणि सापेक्ष आर्द्रता यांवरून ते काढण्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले स्टल यांचे सूत्र स्प्रेडशीटच्या एका खान्यात बसते. मे महिन्यातील ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता या सूत्रात घातली तर उत्तर सुमारे २३ अंश येते. जूनमधील ३७ अंश आणि ६० टक्के घातली तर सुमारे ३० येते. हे तापमान ३५ अंशांवर गेले तर सावलीत स्वस्थ बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो, अशी सैद्धांतिक मर्यादा मानली जाते, आणि प्रत्यक्ष त्रास तिच्या बराच आधी सुरू होतो. कूलरचेही असेच आहे: पाण्याच्या कूलरची हवा या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. मे महिन्यात झकास चालणारा कूलर जूनमध्ये ‘नुसता वारा फेकतो’ असे बायका म्हणतात, ते त्यामुळेच.

आर्द्रता कमाल तापमानाच्या वेळची घ्यावी. सकाळची आर्द्रता आणि दुपारचे तापमान एकत्र करणे ही दुसरी नेहमीची चूक. तीतून येणारे उत्तर भीतिदायक असते आणि खोटे असते.

धोक्याची पातळी काढणे

हवामान विभागाची व्याख्या सर्वांना उपलब्ध आहे: मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० असावे आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त असावे, म्हणजे उष्णतेची लाट. त्याहून जास्त फरक असेल तर तीव्र लाट. किंवा फरक कितीही असो, पारा ४५ ला पोहोचला तर लाट आणि ४७ ला तीव्र लाट. ही व्याख्या हवामानाची आहे. त्या दिवशी आपल्या तालुक्यात माणसांचे काय झाले, हे तिच्यात येत नाही.

त्यासाठी एप्रिल, मे आणि जूनचे दिवस घ्यावेत. दहा वर्षांचे ९१० दिवस होतात. कोविडची दोन वर्षे वगळली तर ७२८. प्रत्येक दिवसासमोर कमाल, किमान, आर्द्र गोलक तापमान आणि तालुक्यातील मृत्यूंची संख्या लिहावी. स्प्रेडशीटमधील पर्सेंटाइल सूत्राने ज्या तापमानाच्या वर फक्त दहा टक्के दिवस येतात ते तापमान काढावे. समजा ते ४५ आले. आता ४५ च्या वरच्या दिवसांतील रोजच्या मृत्यूंची सरासरी आणि खालच्या दिवसांतील सरासरी यांचा भागाकार करावा. उदाहरणादाखल वरची सरासरी ३.० आणि खालची २.४ असेल तर भागाकार १.२५, म्हणजे अशा दिवशी पाव पट जास्त मृत्यू. हेच मृत्यूंची तारीख एक, दोन आणि तीन दिवस पुढे सरकवून पुन्हा करावे, कारण म्हातारी माणसे लाटेच्या तिसऱ्या दिवशी खचतात. तुलना नेहमी त्याच महिन्यातील दिवसांशी करावी. मेच्या दिवसाची तुलना जूनशी केली तर ऊन आणि पावसाळी साथ यांची गल्लत होते. पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी आर या संगणकीय भाषेत डीएलएनएम नावाचे साधन आहे, ज्यात तापमान आणि विलंब यांचा एकत्रित विचार होतो. मात्र सरासऱ्यांच्या साध्या तक्त्यात काहीच दिसत नसेल तर त्या साधनातून निघणाऱ्या सुबक वक्रावर विश्वास ठेवू नये.

महिनानिहाय पातळी वेगळी ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला अचानक आलेले ४२ हे मेच्या मध्यातील ४४ पेक्षा वाईट ठरू शकतात, आणि त्या वेळी तर पाणपोयाही लागलेल्या नसतात. आपल्याकडे सगळी तयारी २५ मेपासूनच्या नवतप्याकडे डोळे लावून होते. नवतप्याचे नऊ दिवस आपल्या फाइलमध्ये वेगळे काढून त्यांची तुलना एप्रिलमधील पहिल्या लाटेशी करावी. दहा मिनिटांचे काम आहे, आणि तयारी कोणत्या तारखेला सुरू करायची याचे उत्तर गावाच्या बैठकीत लोकांना पटेल अशा भाषेत मिळते.

किमान तापमानाचा रकाना विसरू नये. रात्र ३० अंशांच्या खाली न येणारे सलग दिवस मी वेगळ्या रंगात रंगवतो, आणि त्या रात्री वीज किती वेळ नव्हती हे महावितरणच्या स्थानिक कार्यालयातून मिळाले तर तेही शेजारी लिहितो.

शेवटी पातळी निवडताना आपल्या हातांकडेही पाहावे लागते. पातळी खाली ठेवली तर उन्हाळ्यात तीस दिवस इशारे द्यावे लागतात, आणि दहाव्या दिवसापासून आशाताई नुसत्या सह्या करतात. पातळी वर ठेवली तर धोक्याचे दिवस निसटतात. माझ्या अनुभवात लाल इशारा हंगामात बारा-पंधरा दिवसांपेक्षा जास्त झाला की तो कोणी पाळत नाही. आकडेशास्त्र दोन-तीन पर्याय देते. निवड आरोग्य केंद्राच्या बैठकीत, ज्यांना उन्हात फिरायचे आहे त्यांच्यासमोर व्हावी.

कोणाच्या दारात आधी जायचे

पहिल्या वर्षी मी चौदा निकषांचा निर्देशांक केला होता. घराचे छत, वय, जमीनधारणा, पाण्याचे अंतर, शिक्षण, असे सगळे. प्रत्येकाला दशांशात भार. यादी छापून एका आशाताईंना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, बोटाने ओळी मोजल्या आणि म्हणाल्या, ‘सर, तुमच्या यादीत ते बुढी नाहीच. कार्डावर ते पोराच्या स्लॅबच्या घरात आहे, पन निजते टिनाच्या सपरीत.’ सपरी म्हणजे घराला जोडून काढलेली पडवी. रेशनकार्डावर घर एक होते, उन्हापुरती घरे दोन. त्या दिवसापासून निकष पाच ठेवले: साठीच्या वरचे आणि दिवसा एकटे राहणारे, टिनाखाली किंवा स्लॅबखाली वरच्या खोलीत निजणारे, मूत्रपिंड, हृदय किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे, गरोदर स्त्री किंवा एक वर्षाखालील मूल असलेले घर, आणि भर उन्हात मजुरी करणारे. प्रत्येकाला एक गुण. तीन किंवा जास्त गुण असतील तर लाल दिवशी दोनदा भेट. यादी संगणकाने करावी आणि आशाताईंनी ती खोडावी, हाच क्रम. उलट केले तर फक्त ओळखीची घरे येतात.

गोळ्यांचा निकष कोणी वगळू पाहते, पण तो महत्त्वाचा आहे. लघवी वाढवणाऱ्या आणि काही मानसिक आजारांवरच्या औषधांनी शरीराची घाम गाळण्याची किंवा पाणी धरून ठेवण्याची ताकद घटते. अशा रुग्णाने गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. त्याचे नाव डॉक्टरांकडे पोहोचवणे एवढेच यादीचे काम.

इशारा ते कृती

इशारा आजच्या तापमानावर देऊन उपयोग नाही. तो उद्या-परवाच्या अंदाजावर द्यावा लागतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हानिहाय अंदाज रोज मिळतो. एक पूर्ण हंगाम तो अंदाज आणि प्रत्यक्ष तापमान शेजारी-शेजारी लिहून ठेवावे. अंदाज आपल्या तालुक्यासाठी सातत्याने एक अंश कमी येत असेल, तर आपली पातळीही तेवढीच खाली आणावी.

लाल इशारा ठरला की आदल्या संध्याकाळी सहापर्यंत तो तीन जागी पोहोचावा: आशाताईंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कोतवालाकडे दवंडीसाठी आणि रोजगार हमीच्या कामावरील रोजगार सेवकाकडे. ‘काळजी घ्या’ असा मजकूर कोणी वाचत नाही. त्यात वेळ आणि जागा हवी: ‘उद्या दुपारी बारा ते चार काम बंद, समाजमंदिर उघडे आहे, तेथे कूलर आणि माठ भरून ठेवले आहेत.’ समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे हेही त्यात लिहावे, कारण एका दुपारी आम्ही कुलपासमोर उभे होतो.

कामाच्या वेळा अलीकडे आणण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि रोजगार हमीच्या कामासाठी तो योग्यही आहे. आमच्या पट्ट्यात मात्र मोहफुले वेचणाऱ्या आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या लोकांना ‘पहाटे लवकर जंगलात जा’ असे सांगणे म्हणजे त्यांना वाघाच्या वेळेला जंगलात पाठवणे आहे. ब्रह्मपुरी वनविभागात हा धोका कागदावरचा नाही. म्हणून तेथे जाण्याची वेळ तशीच ठेवावी आणि परतण्याची वेळ बांधावी. पाने घरी आणून सावलीत पुडके बांधण्याची सोय व्हावी आणि फळीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, ती देण्यासाठी भर दुपारी रांग लागणार नाही अशी वेळ फळीवाल्याकडून ठरवून घ्यावी. वनविभागाच्या घटनांच्या नोंदीतील तास आणि आपला तापमानाचा तक्ता एकत्र ठेवला तर कोणत्या गावाला कोणती वेळ द्यायची हे समजते.

भेटीला जाणाऱ्याने काय पाहायचे हे एका कागदाच्या अर्ध्या पानात मावले पाहिजे. चक्कर, पोटऱ्यांत गोळे, मळमळ, पण माणूस नीट बोलतो आहे: सावलीत झोपवणे, एक लिटर पाण्यात एक पाकीट ओआरएस विरघळवून घोट घोट देणे, तासाभराने पुन्हा पाहणे. अंग भाजल्यासारखे गरम आणि बोलणे बरळल्यासारखे, किंवा शुद्ध हरपलेली: हा उष्माघात. कामकऱ्याला अशा वेळीही घाम असू शकतो, म्हणून ‘घाम आहे, म्हणजे ठीक आहे’ असे समजू नये. १०८ ला फोन लावावा आणि गाडी येईपर्यंत वाट न पाहता कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा, बर्फ असेल तर मानेला, काखेत आणि जांघेत ठेवावा. तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये. हा तो ताप नव्हे. खिशातल्या कांद्याविषयी वाद घालण्यात वेळ दवडू नये. कांदा ठेवू द्यावा आणि बाटलीही द्यावी. बंद खोलीत हवा ४० अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो, अशा वेळी अंग ओले करणे आवश्यक आहे, हे मात्र आवर्जून सांगावे.

हंगामानंतरचा तक्ता

जूनअखेर पावसाने जोर धरला की इशाऱ्यांचा तक्ता चार खान्यांत मांडावा: इशारा दिला आणि मृत्यू किंवा रुग्ण वाढले, दिला आणि वाढले नाहीत, दिला नाही आणि वाढले, दिला नाही आणि वाढलेही नाहीत. पहिल्या दोन खान्यांवरून फार काही ठरवू नये, कारण इशाऱ्याने माणसे वाचली असतील तर आकडा वाढलेला दिसणारच नाही. अहमदाबादेतही फायद्याचा अंदाज काही वर्षांचे आकडे आधीच्या तितक्याच उष्ण दिवसांशी ताडून पाहिल्यावरच मांडला गेला. एका उन्हाळ्यावरून तालुक्याने यशाचा फलक लावू नये. लक्ष तिसऱ्या खान्यावर द्यावे. त्यातील प्रत्येक तारीख उघडून त्या दिवशीची आर्द्रता, आदली रात्र आणि वीज तपासावी. जूनच्या तारखा असतील तर आर्द्र गोलक तापमानाची पातळी अर्धा अंश खाली आणून मागील वर्षांवर ती लावून पाहावी आणि इशाऱ्याचे दिवस किती वाढतात ते मोजावे.

त्याच आठवड्यात आशाताईंसोबत यादी पुन्हा वाचावी. कोण गावाला गेले, कोणाच्या घरावर टिनाऐवजी स्लॅब पडला, कोणाच्या टिनाला चुना मारला गेला, हे तेव्हाच आठवते. गेल्या खेपेला त्या बुढीच्या नावासमोर आशाताईंनी पेन्सिलने लिहिले होते, ‘सपरीवर पराटी टाकली, आता दुपारी आत बसते.’ पराटी म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, म्हणून मी शेजारी आगीचा धोका अशी एक खूण केली आणि ओळ पुढच्या वर्षाच्या यादीत तशीच उतरवली.